चादरी वाळेपर्यंत

राष्ट्राच्या आयुष्यात अशी एक घटका येते, जेव्हा प्रत्येक माणसाला रक्ताचा शेवटचा थेंब सांडावा लागतो. १९४५च्या एप्रिल महिन्यात बर्लिनचा प्रत्येक रहिवासी तो थेंब हातात घेऊन तयार होता. म्हणजे तसं भिंतीभिंतीवर छापून चिकटवलेलं होतं. गेर्बर गल्लीतल्या चौदा नंबरच्या घरात त्या आठवड्यात प्रत्यक्ष जे सांडलं ते धुण्याचं पाणी होतं, आणि ते सांडायची पाळी कोणाची, यावरून चांगलीच जुंपली.

चौदा नंबरात बारा बिऱ्हाडं होती. मागच्या अंगणात, अर्धं जमिनीत गाडलेलं धुणंघर: जाड भिंती, एक दार, एक किल्ली. आत भट्टीवर बसवलेला, माणूस मावेल एवढा तांब्याचा हंडा आणि दोन लाकडी टब. दर चार आठवड्यांनी प्रत्येक बिऱ्हाडाला दोन दिवस मिळत. पाळी संपली की किल्ली पुढच्या बिऱ्हाडाला द्यायची, संध्याकाळी सहाला, वहीत सही करून. रविवारी धुणं नसे, त्यामुळे शनिवारवाल्याने किल्ली रविवारी सहाला दिली तरी चाले. वही पीच्केसाहेबांकडे असे. पीच्के म्हणजे घराचे व्यवस्थापक आणि पक्षाचे गल्लीप्रमुख. त्यांचा डावा पाय मागच्या महायुद्धात गुडघ्याखाली राहून गेला होता. त्याच्या जागी लाकडाचा होता. वही १९२८ पासूनची. मधल्या काळात एक प्रजासत्ताक बुडालं, एक हजार वर्षांचं साम्राज्य आलं आणि बाराव्या वर्षीच आचके देऊ लागलं, पण वहीत खाडाखोड म्हणून सापडायची नाही.

सत्तावीस आणि अठ्ठावीस एप्रिल, शुक्रवार-शनिवार, ही ओटिली त्साबेलची पाळी होती. तिने किल्ली घेतली होती, पण धुणं काढलं नव्हतं. नळाला पाणी नव्हतं, कोपऱ्यावरच्या हातपंपापाशी गोळे पडत होते, आणि नवरा लढाईला गेला होता.

नवऱ्याचं नाव एमिल. अठ्ठावन्न वर्षांचा, सपाट तळव्यांचा. तीस वर्षं त्याने लोकांच्या घरी जाऊन गॅसचे मीटर वाचले. गेल्या शरदात सरकारने उरल्यासुरल्या पुरुषांची एक फलटण काढली, तीत ज्यांना दिसतं आणि ज्यांना चालता येतं, किंवा दोन्हींपैकी एक जमतं, असे सगळे घेतले. एमिलला दंडावर बांधायची पट्टी मिळाली, एक इटालियन रायफल मिळाली आणि सात काडतुसं मिळाली. काडतुसं डेन्मार्कची होती. ती त्या रायफलीत जात नसत. एमिलने हे वर कळवलं, तेव्हा 'आधी नेम धरायचा सराव करा' असं उत्तर आलं.

लढाई लांब होती तोवर ठीक होतं. पण ती रोज जवळ येत येत शनिवारी पाचव्या गल्लीत, दारूच्या भट्टीच्या आवारापर्यंत आली. इतकं जवळ एमिलचं कामाचं ठिकाण आयुष्यात कधी नव्हतं. तीस वर्षं साडेबाराला घरी जेवायला येणारा माणूस. साडेबारा वाजले, तो उठला, पँट झटकली आणि घरी आला.

"लढाई?" ओटिलीने विचारलं.

"चालू आहे," हात पुसत एमिल म्हणाला. "सूप कसलं?"

"सुक्या वाटाण्याचं. तुला सोडलं कोणी?"

"नाईकाला विचारायला गेलो होतो. तो जेवायला गेला होता."

सूप पिऊन, मिशा पुसून, रायफल काखोटीला मारून तो एकच्या सुमारास परत निघाला. दहा मिनिटांत परत आला. खुर्चीवर बसला. 

"काय झालं रे?"

"काबिश," एमिल म्हणाला. "आपला केस कापणारा. दिव्याच्या खांबाला टांगलाय."

काबिश त्याच्याच तुकडीत होता. तोही जेवायला निघाला होता, एमिलच्या आधी पाच मिनिटं. फरार शिपाई शोधत फिरणाऱ्या गस्तीने त्याला वाटेतच गाठलं.

"गळ्यात पाटी आहे. 'मी भित्रा होतो.' रेघा मारून लिहिलंय गं. पट्टी धरून." तो पुन्हा म्हणाला, "पट्टी धरून."

ओटिलीने ताटली उचलली. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकदाही नियम मोडला नव्हता. तिने भराभर विचार केला. बिऱ्हाडात ठेवावा, तर गस्त घरांची झडती घेते. तळघरात ठेवावा, तर तिथे सगळं घर बसलंय, पीच्केसकट. उरलं धुणंघर. तिथे रविवारी सहापर्यंत परमेश्वर आला तरी पीच्के त्याला आत सोडणार नाहीत, कारण पाळी त्साबेलांची आहे.

रायफल सांडपाण्याच्या खड्ड्यात गेली. दंडावरची पट्टी भट्टीत गेली. एमिल हंड्यात गेला.

"झाकण लावू?"

"थोडी फट ठेव."

"रशियन येईपर्यंतच आहे," ओटिली म्हणाली. मागची चार वर्षं ज्यांचं नाव काढून या शहराने पोरांना घाबरवलं, त्यांनी आता जरा पाय उचलावेत, असं तिला मनापासून वाटत होतं.

पण रशियन रेंगाळले. रविवारची संध्याकाळ झाली, सहा वाजले, आणि तळघरात इन्स्पेक्टरीणबाई उभ्या राहिल्या.

इन्स्पेक्टरीणबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रेविट्झबाई. त्यांचे यजमान रेल्वेत इन्स्पेक्टर होते. ते जाऊन अकरा वर्षं झाली, पण हुद्दा बाईंकडे राहिला. हातात मळक्या कपड्यांचं गाठोडं, डोक्यावर रुमाल. वर कुठे तरी गोळा पडला, छताची माती त्यांच्या रुमालावर पडली. त्यांनी ती झटकली.

"त्साबेलबाई, किल्ली."

"अहो इन्स्पेक्टरीणबाई, उद्या धुणं काढणार तुम्ही? ऐका की बाहेर काय चाललंय."

"सोमवार-मंगळवार माझे आहेत. हे जे कोणी चालवलंय, त्यांनी वार बघून यायला हवं होतं."

"माझं धुणं झालं नाही अजून. आठ चादरी आहेत."

"दोन दिवस होते तुम्हाला."

"दोन्ही दिवस बाँब पडत होते!"

"आम्ही काय दुसऱ्या गावात राहतो?"

तळघरातले लोक माना वळवून बघू लागले. आठवडाभरात पहिल्यांदाच तिथे कळण्यासारखी लढाई चालली होती. ओटिलीने शेवटी अदलाबदल मांडली: हे दोन दिवस मला द्या, त्याबदली पंचवीस-सव्वीस मेची माझी पाळी तुम्ही घ्या.

"आणि माझी अठ्ठावीस-एकोणतीसची?"

"तीही तुमचीच."

"म्हणजे एका आठवड्यात दोनदा," बाई म्हणाल्या.

"एकटा जीव तुमचा. एवढं काय धुणार?"

"ते मी बघेन. लिहून घ्या, पीच्केसाहेब."

पीच्के वही उघडून बसलेच होते. "अदलाबदल आठ दिवस आधी कळवायची असते," ते म्हणाले. "कलम बारा. तथापि, परिस्थिती बघता..." इथे आणखी एक गोळा पडला. "परिस्थिती बघता चालेल. कारण काय लिहू?"

"धुणं राहिलं."

"मग धुणं झालं पाहिजे. नुसती किल्ली अडकवून ठेवायची नाही. उद्या दुपारपर्यंत चादरी माळ्यावर वाळत दिसल्या पाहिजेत. कलम नऊ."

ओटिलीने मान डोलावली आणि आपण नवऱ्याला वाचवण्यासाठी नेमकं काय कबूल केलं हे सही करताना तिच्या ध्यानात आलं. हातपंपावरून बारा बादल्या आणाव्या लागणार होत्या.

सोमवारी पहाट फुटताच तिने त्या आणल्या. पंपापाशी रांग होती. मध्येच कानठळ्या बसत, सगळ्या बाया आडव्या होत, आणि उठल्यावर ज्या त्या आपापल्या नंबरावर उभ्या राहत. टबात एमिलने चादरी बडवल्या, पिळल्या. त्या ओटिलीच्या माहेरच्या, जाड तागाच्या, कोपऱ्यात तिच्या नावाची अक्षरं भरलेल्या. जर्मन राजधानीच्या रक्षणासाठी एमिल त्साबेलने जे काही हात चालवले, ते एवढेच.

पाचव्या मजल्यावरचा माळा गाठेपर्यंत ओटिलीचा जीव निघाला. माळ्यावर दोऱ्या होत्या. छप्पर नव्हतं, ते फेब्रुवारीत उडालं होतं. तिने आठही चादरी वाळत घातल्या, चिमटे लावले, आणि दुपारचं वारं सुटल्यावर त्या चौदा नंबरच्या डोक्यावर अशा फडफडू लागल्या, की दोन मैलांवरून दिसाव्यात.

दोन वाजता लेफ्टनंट आला. बरोबर दोन शिपाई, एकाच्या खांद्यावर दोराचं वेटोळं. लेफ्टनंट पंचविशीतला, बूट चकचकीत. त्या शहरात तेव्हा पाणी नव्हतं, वीज नव्हती, पाव नव्हता. पॉलिश कुठून मिळत होतं कोण जाणे.

"या घराचा प्रमुख कोण?"

"मी, पीच्के."

"वर पांढरी निशाणं आहेत. हुकूम तुम्हाला माहीत आहे. पांढरं निशाण लावणाऱ्या घरातले सगळे पुरुष जागच्या जागी गोळी घालून मारायचे. किती पुरुष आहेत?"

पीच्केंनी तळघरभर नजर फिरवली. सगळ्या बायका होत्या. "मी," ते पुन्हा म्हणाले, आणि वहीच्या माणसाला हिशेब पहिल्यांदाच नकोसा झाला.

"निशाणं नाहीत हो ती!" ओटिली म्हणाली. "चादरी आहेत. धुणं आहे."

"शहर जळतंय आणि धुणं?"

"पाळी होती," पीच्के म्हणाले.

 पीच्केंनी वही पुढे केली. ती लेफ्टनंटने घेतली, हातमोजा काढला आणि पानं उलटायला लागला. १९२८ पासूनची पानं, एका हाताची, एका शाईची. त्याचा चेहरा हळूहळू निवळत गेला. तीन आठवड्यांत त्याच्या हाती आलेला हा पहिला पूर्ण कागद असावा.

"सोमवार ड्रेविट्झ यांचा आहे," तो एकदम म्हणाला. "चादरी त्साबेलांच्या."

"अदलाबदल. शेरा बघा. समासात."

"दुसऱ्या पक्षाची सही नाही."

पीच्के पांढरे पडले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. इन्स्पेक्टरीणबाई कोपऱ्यातून उठल्या, संथपणे चष्मा लावला, मजकूर दोनदा वाचला आणि सही केली.

"ठीक," लेफ्टनंट म्हणाला. "आता मला ते धुणंघर बघायचं आहे. खरंच धुणं चालू असेल तर प्रश्न मिटला."

 खिशातली किल्ली ओटिलीने मुठीत इतकी आवळली, की तळव्यावर दाते उमटले. शिपायाने खांद्यावरचं वेटोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"नाही बघता येणार," इन्स्पेक्टरीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"कलम सात. पाळी चालू असताना ज्याची पाळी, त्याच्याशिवाय कोणी आत जायचं नाही. पुरुषांनी तर मुळीच नाही. आत बायकांचे आतले कपडे भिजत असतात." त्यांनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं. "कुठल्या घरातले तुम्ही?"

"मी... माग्डेबुर्ग शहरातला."

"तिथे अशी पद्धत आहे का? दुसऱ्यांच्या धुण्यात डोकावायची? आईला चालतं तुमच्या?"

तळघरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पण तेव्हा तोफाच ऐकू येत होत्या. या माणसाने त्या आठवड्यात शहरभर माणसं टांगली होती. पण जिन्यावर पाय न पुसता चढल्याबद्दल त्याच आवाजात, तशाच बाईकडून तो लहानपणापासून बोलणी खात आला असणार. त्याने हातमोजा चढवला.

"चादरी काढून घ्या मग."

"ओल्या?" पीच्के म्हणाले. त्यांना आता जीव परत आला होता आणि त्याबरोबर कलमंही. "ओलं धुणं माळ्यावरून खाली आणायचं नाही. जिना खराब होतो. कलम दहा."

लेफ्टनंटने थोडा विचार केला. मग गुडघ्यावर पाटी ठेवून कागद लिहिला: 'गेर्बर गल्ली, घर क्रमांक चौदा. छतावरील पांढरे कापड हे धुणे आहे. मुदत: एक मे, दुपारी चार वाजेपर्यंत.' खिशातून शिक्का काढला, त्यावर हाः केलं आणि उमटवला. जाताना तो दारावर खिळ्याने ठोकून गेला. शहरात त्या दिवशी शत्रूला शरण जायचा सरकारी परवाना असलेलं ते एकच घर असावं.

गस्तीचे बूट लांब गेल्यावर इन्स्पेक्टरीणबाई ओटिलीजवळ सरकल्या.

"त्साबेलबाई, तुमचं धुणं घोरतं."

ओटिलीने किल्ली खिशात आणखी खोल सारली.

"आणि काल त्याला सूपही नेलंत तुम्ही."

"इन्स्पेक्टरीणबाई, मी तुमचे उपकार..."

"उपकार राहू दे. जूनची पाळीसुद्धा माझी. बावीस-तेवीस."

"दिली."

"लिहून."

ओटिलीने लिहून दिलं. कारणाच्या रकान्यात पीच्केंनी आपणहून 'आपसांतील समजूत' असं लिहिलं आणि वर बघितलं नाही.

त्याच सोमवारी दुपारी, तीन-चार मैलांवर जमिनीखाली, ज्या गृहस्थाने ही सगळी लढाई मांडली होती त्याने ती स्वतःपुरती संपवली. पण हे कोणी दारावर लावलं नव्हतं, त्यामुळे चौदा नंबरात परवान्याची मुदतच चालू राहिली.

मंगळवारी दुपारी समोरचं अकरा नंबर कोसळलं. त्यावर पांढरं काही नव्हतं, आणि त्यातल्या एका खिडकीतून कोणीतरी गोळीबार करत होतं. रशियन तोफ गल्लीच्या तोंडाशी आली होती. अकरानंतर तिने नऊ घेतलं. चौदाकडे तिने तोंड वळवलं, आणि मग पुन्हा फिरवलं. ओटिली पुढच्या दारातून बघत होती. तिला कळलं की आता एमिलला हंडा वाचवत नाहीये, चादरी वाचवताहेत.

घड्याळात चार वाजले.

"त्साबेलबाई," पीच्के म्हणाले, "मुदत संपली. चादरी काढा."

"वाळल्या नाहीत."

"काल दुपारपासून वारं आहे."

"ताग आहे, जाड. नाही वाळत."

"हे तुम्ही म्हणता. ते पाच वाजता तपासायला आले तर गोळी कुणाला? या घरात पुरुष मी एकटा." ते थांबले. "म्हणजे वहीप्रमाणे."

"तोफेने घर पाडलं तर वही कुठे राहील, पीच्केसाहेब?"

पीच्केंनी वही मिटली. ते उठले. "मी स्वतः बघतो," म्हणाले, आणि पाच मजले चढायला निघाले. लाकडी पाय प्रत्येक पायरीवर ठक्क करत होता. ओटिली खाली उभी राहून ते ठक्क मोजत होती. तिसऱ्या मजल्यानंतर तोफेच्या आवाजात ते हरवले. तिला ठाऊक होतं की चादरी खडखडीत वाळल्या आहेत. सकाळीच तिने हात लावून पाहिलं होतं. पापडासारख्या.

वीस मिनिटांनी पीच्के खाली आले. अंगभर चुना, टोपी नाही. खुर्चीवर बसून त्यांनी दम घेतला, वही उघडली, लेखणी शाईत बुडवली.

"दमट," त्यांनी लिहिलं. मग वाचून दाखवलं, "मंगळवार, दुपारी चार वीस. आठही. दमट."

"कोपऱ्यात जरा जास्तच," इन्स्पेक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वर गेल्या नव्हत्या.

लेफ्टनंट पाचला आला नाही. नंतरही आला नाही, आणि सहाला किल्ली मागायलाही कोणी आलं नाही. बुधवारी सकाळी भुरभुर पाऊस होता, त्यामुळे चादरी खऱ्याच दमट झाल्या, आणि गल्लीतून एक गाडी कर्णा लावून फिरली: सेनापतीने सही केली आहे, शहर शरण आलं आहे, शस्त्रं खाली ठेवा. शस्त्रं सांडपाण्याच्या खड्ड्यात आधीच होती. तळघरात कोणी रडलं, कोणी झोपलं. पीच्केंनी कोटावरचा पक्षाचा बिल्ला काढून खिशात घातला. मग खिशातून काढून भट्टीत टाकला.

दहाच्या सुमारास अंगणात तीन रशियन शिपाई आले. त्यांनी धुणंघराचं दार लाथेने उघडलं. आत एमिल पत्नीचा एप्रन बांधून, कोपरापर्यंत हात बुडवून, एक अभ्रा बडवत उभा होता. ही युक्ती ओटिलीची. तिघे बघत राहिले.

"सोल्दात?" एकाने बंदूक रोखून विचारलं. म्हणजे, शिपाई का?

"छे छे!" दारातून इन्स्पेक्टरीणबाई ओरडल्या. "धोबी! धोबी!" आणि त्यांनी हवेत कपडे पिळून दाखवले.

शिपाई हसले. इतके हसले, की एकाला भिंतीला टेकावं लागलं. त्यांनी एमिलचं मनगट उचलून पाहिलं, घड्याळ काढून घेतलं, पाठीवर थाप मारली. मग एकाचं लक्ष वर गेलं. तो पाच मजले धावत चढला आणि आठही चादरी खांद्यावर टाकून खाली आला. अंगणातच बसून तिघांनी त्या टराटरा फाडल्या आणि बुटात पायाला गुंडाळायच्या पट्ट्या केल्या. ओटिलीच्या नावाची अक्षरं त्यातल्या कुणाच्या तरी टाचेखाली गेली.

ते गेल्यावर एमिल बाहेर येऊन पायरीवर बसला. चार दिवस हंड्यात दुमडून राहिल्याने त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं.

"साडेबारा वाजले का?" त्याने विचारलं. घड्याळ नव्हतं.

"वाजतील," ओटिली म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

काबिशला गल्लीतल्या लोकांनी त्या दिवशी दुपारी खांबावरून उतरवलं.

पंचवीस मेच्या आदल्या संध्याकाळी सहाला इन्स्पेक्टरीणबाईंनी सही करून किल्ली घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोन अभ्रे आणि एक रुमाल धुतला. जूनमध्ये त्यांनी किल्ली घेतली आणि काहीच धुतलं नाही. त्साबेलांचं पुढचं धुणं वीस जुलैला झालं.